ऐच्छिक

अर्थसंकल्पाच्या तक्त्यात शेवटी दोनच रकाने उरतात:
कायद्याने बंधनकारक, आणि ऐच्छिक.
कचरा, रस्ते, निराधार मुलं, मेलेल्यांची नोंद पहिल्यात.
दुसऱ्यात बाकी सगळं.
मी ट्यूडर, कौन्सिलचा हिशेबनीस, दुसरा मजला,
एकेचाळिसाव्या ओळीपुढे ‘ऐ’ टंकलं ते मीच:
मंगळवारचं जेवण, ब्रिनहेलिग सभागृह,
बटाट्याचं सूप, एक बस, अर्धवेळ नेरिस.

दरमाणशी खर्च निघाला.
‘फायदा’ या रकान्यात काय लिहायचं सुचेना,
आडवी रेघ मारली.

एकदा तपासणीला गेलो होतो.
नेरिस वही घेऊन दारातच उभी.
आलं कोण, ते ती लिहीतच नव्हती.
आलं नाही कोण, ते लिहीत होती.
एमलिन दोन मंगळवार नाही. गुडघा?
की पुन्हा बायकोच्या फोटोशी बोलत बसलाय?
प्रोबर्टबाईंचं इन्सुलिन फ्रिजात, खालच्या कप्प्यात.
टेकडीवर सात नंबरला इद्वाल, ऑक्सिजनचं यंत्र, विजेवर.
किल्ली फुटक्या निळ्या कुंडीखाली.
मी विचारलं, हे सगळं कशाला?
ती म्हणाली, सूप किती करायचं ते कळायला.
मी अहवालात लिहिलं: नोंदी अनौपचारिक.

जानेवारीत वादळ आलं.
त्याला नाव होतं, हल्ली वादळांनाही असतं.
तारा तुटल्या, पूल बंद, फोन मेले,
आणि दरीत चार दिवस चार रात्री काळोख.
आणीबाणीचा आराखडा होता माझ्याकडे,
एकशे बारा पानी,
संगणकात.

नेरिसने वही काढली.

युवा केंद्रातली चार पोरं
(ओळ चव्वेचाळीस, तीही ‘ऐ’;
टेबल टेनिसवर पैसे लावतात, अशा तक्रारी)
एकेक पान वाटून घेऊन टेकडी चढली.
कुठल्या दारावर किती जोरात वाजवायचं,
कुणाला ऐकू येत नाही, कुणाचा कुत्रा चावतो,
सगळं पेन्सिलीत होतं.
इद्वालला त्यांनी खुर्चीसकट उतरवलं,
अग्निशामक केंद्राच्या जनरेटरपाशी नेऊन ठेवलं.
तो वाटभर शिव्या घालत होता,
त्यामुळे श्वास चालू आहे हे कळत होतं.

मीही होतो तिथे. तीन रात्री.
मला कांदे दिले चिरायला.
सुरी कशी धरायची ते एमलिनने दाखवलं,
आणि माझ्या डोळ्यांकडे बघून
कांदा नवा आहे, एवढंच म्हणाला.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात.
इथे कुणी विहीर खणतोय असं म्हटलंच नव्हतं.
दर मंगळवारी कुणीतरी पातेलं चढवत होतं
आणि माणसं मोजत होतं.

एप्रिलमध्ये सरकारी अहवाल आला, गुळगुळीत कागदावर.
‘या दरीतल्या लोकांचा उपजत चिवटपणा’ असे शब्द होते त्यात.
मी ‘उपजत’खाली रेघ ओढली.
अकरा वर्षं, आठवड्याला एक,
सुट्ट्या वजा जाता पाचशे चाळीस मंगळवार.
उपजत कसला,
शिजवलेला.

एकेचाळिसावी ओळ वाचली असं म्हणवत नाही.
पुढच्या मार्चपर्यंत तहकूब झाली.
चव्वेचाळिसावी गेली. टेबल टेनिसचं टेबल
कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्यावर छप्पर म्हणून टाकलंय.
‘फायदा’ या रकान्यातली आडवी रेघ मी खोडली,
पण तिथे आकडाच लागतो.
तो रकाना अक्षरं घेत नाही.

मंगळवारी मी हल्ली तिथेच जेवतो.
परवा सर्दी होती, गेलो नाही.
साडेतीनला फोन वाजला.